बेस की टॉप? आधी ट्रॉली काट्यावर न्या

इंदूरच्या एका ताईंचं पत्र आहे. घरचा मंडप आणि लायटिंगचा व्यवसाय. बाबांनी उभा केला, आता त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ सांभाळतात. ३० केव्हीएचा सायलेंट जनरेटर दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला आहे. आजवर तो भाड्याच्या ट्रॅक्टरमागून मॅरेज गार्डनपर्यंत जात आला. आता स्वतःची डबल-कॅब पिकअप (पुढे सीटच्या दोन रांगा, मागे सामानाचा हौदा) घ्यायची आहे. तिनं जनरेटर ओढावा, चार कामगार न्यावेत आणि रविवारी घरच्यांना महेश्वरलाही न्यावं. २०२८च्या सिंहस्थात उज्जैनला काम धरायचं आहे, म्हणून घाई आहे. इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स, दोन्ही पाहून झाल्या. भावाचं मन टॉप मॉडेलवर आहे, तर बाबा म्हणतात बोलेरो कॅम्पर पुरे. शोरूममधला माणूस सांगतो, "टॉप मॉडेल जास्त ओढतं." खालच्या आणि वरच्या मॉडेलमध्ये चार लाखांचा फरक आहे. ताई विचारतात, ते चार लाख घालावेत का? आणि बाबांना न दुखावता हे कसं ठरवावं?

ताई,

तुमच्या पत्रात गाडीबद्दल दोन पानं आहेत आणि ट्रॉलीबद्दल एकच ओळ: "जनरेटरचं वजन एक टनाच्या आसपास असेल." तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका ओळीवर अवलंबून आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

एक टन हे पत्रकावरचं कोरडं वजन असतं. त्यात डिझेल नाही, ट्रॉली नाही, केबल नाही. समजा, जनरेटर १,०५० किलोचा आहे. चॅनलची ट्रॉली, अ‍ॅक्सल आणि चाकं धरून ३५० किलो. शंभर लिटर डिझेलचे ८३ किलो. चार कोअरची १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल असेल, तर त्यात नुसतं तांबंच मीटरला अर्धा किलोच्या वर भरतं, वरचं आवरण वेगळं. सव्वाशे मीटर केबल ट्रॉलीवरच गुंडाळून ठेवत असाल तर तिचे शंभर-सव्वाशे किलो धरा. बेरीज सोळाशेच्या घरात गेली. एक टन समजून घेतलेली गाडी सोळाशेला कमी पडू शकते, आणि ते कळतं ते पहिल्या घाटात.

म्हणून शोरूमला पुन्हा जायच्या आधी ट्रॉली धरमकाट्यावर न्या. सांवेर रोड किंवा पालद्याच्या बाजूला काटा सहज मिळेल. कामाला निघते तशी भरलेली ट्रॉली हवी: टाकी फुल, केबल वर, अवजारांची पेटी वर. दोन वजनं घ्या. पहिलं ट्रॉली सुटी, पुढच्या टेकण-चाकावर आडवी सरळ उभी असताना. दुसरं एखाद्या ओळखीच्या पिकअपला जोडून, फक्त ट्रॉलीची चाकं काट्यावर आणि पिकअप काट्याबाहेर. पहिल्यातून दुसरं वजा केलं की दांड्याचा भार निघतो, म्हणजे गाडीच्या मागच्या हुकावर ट्रॉली किती किलोनं दाबते ते. हा भार एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा. तुमच्या ट्रॉलीला १६० किलोच्या आसपास. त्याहून बराच कमी असेल तर वेगात ट्रॉली शेपटीसारखी डोलायला लागते. जास्त असेल तर गाडी मागे बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल वाटतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. आकडा चुकला तर जनरेटर ट्रॉलीवर पुढे-मागे सरकवून दुरुस्त करता येतो. नवी भोकं पाडायचं काम अर्ध्या दिवसाचं आहे.

आता त्याहून मोठा प्रश्न. तुमच्या ट्रॉलीला ब्रेक आहे का? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण ट्रॅक्टरमागे चालणाऱ्या बहुतेक जनरेटर ट्रॉल्यांना नसतो. पाटेही (दणके झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) नसतात, अ‍ॅक्सल थेट चेसिसला वेल्ड केलेला असतो. ट्रॅक्टरच्या वीस-पंचवीसच्या वेगात ते खपून जातं. त्याच ट्रॉलीला पिकअपमागे लावून उज्जैन रोडवर साठनं नेलं की काय होतं ते बघा. प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ जनरेटरच्या रबरी माउंटिंगवर येतो. आधी रबर फाटतं, मग रेडिएटरचे ब्रॅकेट तडकतात, मग टाकीच्या वेल्डमधून डिझेल पाझरतं. चाकांचे बेअरिंग तापतात, ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं. आणि ब्रेक दाबला की सोळाशे किलो मागून गाडीला रेटतात. गाडी जराशी वळलेली असेल तर ट्रॉली तिला तिरकी ढकलते आणि दोन्ही कात्रीसारख्या मिटतात. ऑस्ट्रेलिया आणि युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला साडेसातशे किलोची मर्यादा आहे ती याचसाठी. तुमची ट्रॉली त्याच्या दुप्पट आहे.

हे शोरूममध्ये कोणी सांगणार नाही, कारण ते ट्रॉली विकत नाहीत. माझं स्पष्ट मत असं, की तुमच्या चार लाखांवर पहिला हक्क ट्रॉलीचा आहे. पाट्यांवर बसलेला अ‍ॅक्सल, हवेचे टायर, मागचे दिवे, आणि ओव्हररन ब्रेक. ओव्हररन ब्रेकची रचना साधी आहे. गाडी थांबायला लागली की ट्रॉली पुढे रेटते, त्या रेट्यानं दांड्यातली सरकती नळी आत जाते, तिला जोडलेला लिव्हर केबल ओढतो आणि ट्रॉलीच्या चाकांचे ब्रेक आवळले जातात. गाडीत कसलीही वायर न्यावी लागत नाही. एक गोष्ट बनवणाऱ्याला आवर्जून विचारा: रिव्हर्स घेताना काय? मागे ढकलतानाही नळी आत जातेच आणि ब्रेक लागतो. म्हणून एकतर रिव्हर्समध्ये आपोआप सुटणारे ब्रेक-हब हवेत किंवा नळी अडवणारी खिटी. खिटी असेल तर ती काढायला विसरलं की पुढचा सगळा प्रवास बिनब्रेकचा होतो. शक्य असेल तर आपोआप सुटणारेच घ्या. पिथमपूर आणि सांवेर रोडच्या पट्ट्यात अ‍ॅक्सलचं काम करणारी चांगली माणसं आहेत. दोन-तीन ठिकाणी लेखी कोटेशन घ्या आणि कोटेशनमध्ये ट्रॉलीचं एकूण वजन, अ‍ॅक्सलची क्षमता आणि टायरचा भारांक (एक टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) लिहून मागा.

आता "टॉप मॉडेल जास्त ओढतं" या वाक्याकडे येऊ. ते कुठल्या गाडीबद्दल बोललं जातंय त्यावर त्याचा खरेपणा ठरतो. हायलक्समध्ये इंजिन एकच आहे, २.८ लिटर डिझेल, २०४ पीएस. पण मॅन्युअल गिअरला टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर, ४२० न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकला ५००. खालच्या स्टँडर्डमध्ये फक्त मॅन्युअल मिळतो, ऑटोमॅटिक हवा असेल तर वरच्या हायमध्येच जावं लागतं. म्हणजे तिथे वरच्या पैशात ओढायची ताकद खरोखर आहे, पण ती गिअरबॉक्ससोबत येते. हाय मॅन्युअल घेतलात तर पैसे वरचे आणि टॉर्क खालचाच. तुमच्या कामासाठी त्या यादीतली सगळ्यात कमी उपयोगाची निवड तीच. व्ही-क्रॉसमध्ये १.९ लिटर, १६३ पीएस, ३६० न्यूटन-मीटर, आणि मॅन्युअल असो की ऑटोमॅटिक, आकडा तोच. तिथे टॉपला जाऊन एक न्यूटन-मीटरही जास्त मिळत नाही. अमेरिकेत फोर्डच्या एफ-१५० पिकअपचंही असंच आहे. ओढण्याचा आकडा इंजिन, मागच्या अ‍ॅक्सलचा गिअर रेशो आणि टो पॅकेजवर (ओढण्यासाठी कारखान्यातून येणाऱ्या जादा संचावर) ठरतो, त्यामुळे नीट मागवलेली साधी एक्सएल कातडी सीटवाल्या प्लॅटिनमपेक्षा जास्त ओढू शकते.

भाऊ कदाचित इंटरनेटवरचा "साडेतीन टन" हा आकडा दाखवेल. तो परदेशातला आहे आणि ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी आहे. त्यातही खोच आहे. ऑस्ट्रेलियात डी-मॅक्सच्या (व्ही-क्रॉसचं पूर्ण नावही डी-मॅक्स व्ही-क्रॉसच) ३ लिटर इंजिनाला साडेतीन टन दिले, तर त्याच गाडीच्या १.९ लिटरला तीनच. आपल्याकडची व्ही-क्रॉस तर त्याच्या आधीच्या पिढीची गाडी आहे. नाव सारखं असलं तरी आकडा उचलून आणता येत नाही. इथल्या ओनर्स मॅन्युअलमध्ये टोइंगचं पान असतं, ते डीलरकडून उघडून घ्या. ब्रेकवाला ट्रेलर किती, बिनब्रेकचा किती, दांड्यावर जास्तीत जास्त भार किती, आणि गाडी अधिक ट्रेलर मिळून कमाल वजन किती, हे चार आकडे तुमच्याच व्हेरियंटसाठी ई-मेलवर लेखी मागा. तोंडी "होऊन जाईल" वॉरंटीच्या वेळी उपयोगी पडत नाही. उत्तर सोळाशेच्या खाली आलं तर ती गाडी तुमच्या यादीतून बाद, तिची सीट कितीही छान असो.

टॉप मॉडेलची दुसरी बाजू सहसा कुणी बोलत नाही: वजन. रोल बार, साइड-स्टेप, मोठी चाकं, जाड सीट, हौद्याचं झाकण हे सगळं गाडीच्या स्वतःच्या वजनात जातं आणि तेवढं तुमच्या सामानातून कमी होतं. हिशेब असा करा. दरवाज्याच्या चौकटीवर किंवा चेसिसच्या पाटीवर कमाल एकूण वजन असतं. उदाहरणादाखल २,६०० किलो धरू, आणि रिकामी गाडी काट्यावर २,१०० भरते असं समजू. हातात उरले ५००. भाऊ आणि चार कामगार, सत्तर किलोच्या हिशेबानं ३५०. हूक आणि त्याची फ्रेम ३५. दांड्याचा भार १६०. बेरीज ५४५. हौद्यात अजून एक बल्बसुद्धा ठेवलेला नाही आणि गाडी ४५ किलोनं ओव्हरलोड झाली. त्यावर भावाला आवडलेलं फायबरचं कॅनॉपी बसवलं तर आणखी वजन. खासगी नोंदणीच्या डबल-कॅब गाड्यांचा हा भाराचा आकडा बोलेरो पिकअपसारख्या मालवाहू गाडीच्या निम्म्यापेक्षाही कमी असतो. गाडी धिप्पाड दिसते म्हणून हे लक्षात येत नाही. तुम्हाला कदाचित दोन कामगार वेगळ्या गाडीनं पाठवावे लागतील, आणि ते आत्ताच ठरवलेलं बरं.

चाकांचंही तसंच. हायलक्सच्या स्टँडर्डला २६५/६५ आर १७ टायर, हायला २६५/६० आर १८. सतरा इंचीच्या रबराची उंची १७२ मिलिमीटर भरते, अठरा इंचीची १५९. भार ओढताना, गार्डनच्या बाहेरच्या तुटक्या काँक्रीटवर, तो जास्तीचा रबर उपयोगी पडतो, रिम वाकत नाही. टायरवर आकाराच्या शेजारी भारांक असतो: ११० म्हणजे एका टायरवर १,०६० किलो, ११२ म्हणजे १,१२०. डेमो गाडीसमोर उकिडवं बसून वाचता येतो. ट्रॉली लावली की मागच्या टायरमध्ये दरवाज्यावरच्या पाटीवर भरलेल्या गाडीसाठी दिलेली हवा भरा. मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असताना कमी हवेचा टायर आतून शिजतो आणि फुटतो तो बहुतेकदा परतीच्या वाटेवर.

मग व्हेरियंट निवडताना बघायचं काय? माझ्या मते सगळ्यात आधी ईएससी, म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावणारी यंत्रणा. त्यात ट्रेलरचं डोलणं ओळखण्याची सोय असेल तर उत्तमच. हिल-होल्ड दुसरं. भरलेल्या ट्रॉलीसह चढावर थांबून पुन्हा निघताना ते क्लच प्लेट वाचवतं. तिसरं फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद, आणि त्यातलं लो गिअर (फोर-लो). पावसाळ्यातल्या लग्नात गार्डनच्या मागच्या बाजूला, आपल्या मालव्याच्या काळ्या मातीत ट्रॉली उभी केली आणि रात्री पाऊस पडला, तर सकाळी टू-व्हील ड्राइव्ह गाडी जागच्या जागी चाकं फिरवत बसेल. ती माती टायरच्या खाचा भरून काढते आणि टायर गुळगुळीत होतो. फोर-लोमध्ये, दुसऱ्या गिअरला, अ‍ॅक्सिलरेटर जवळजवळ न दाबता गाडी ट्रॉली घेऊन सरकत बाहेर येते. मात्र डांबरावर चढलात की लगेच टू-हाय, म्हणजे नेहमीची दोन चाकांची ताकद. कोरड्या रस्त्यावर वळताना पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि तो ताण गिअरच्या पोटात साठतो.

गिअरबॉक्सचा निर्णय गाडी चालवणार कोण यावर करा. भाऊ एकटाच चालवणार असेल आणि हात बसलेला असेल तर मॅन्युअल चालेल. पण सीझनमध्ये एकाच रात्री दोन कार्यक्रम असतात, गाडी कामगाराच्या हातात जाते. रिव्हर्समध्ये ट्रॉली अरुंद फाटकातून घालताना तो हाफ-क्लचवर पाच मिनिटं खेळतो आणि जळक्या वासानं मंडप भरतो. दोन सीझनमध्ये क्लच प्लेट. टॉर्क-कन्व्हर्टरचा (क्लच प्लेटऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) ऑटोमॅटिक तिथे सुखाचा आहे. त्याचं पथ्य एकच, गिअरबॉक्सचं तेल जड वापराच्या तक्त्याप्रमाणे लवकर बदलायचं. मॅन्युअलच घेतलात तर रिव्हर्सला फोर-लो वापरायला शिकवा, फक्त कच्च्या जमिनीवर. कातडी सीट, मोठी स्क्रीन, क्रोम, अँबियंट लाइट यांनी ओढणं तसूभर बदलत नाही. मागचा कॅमेरा मात्र फार उपयोगी आहे. हूक आणि कडी एका माणसानं एका फेरीत जुळवता येते. खालच्या मॉडेलला कॅमेरा नसेल तर तो बाहेरून बसवता येतो, ईएससी बसवता येत नाही. निवडीच्या वेळी हा भेद सतत डोक्यात ठेवा: नंतर काय लावता येईल आणि काय कारखान्यातूनच यावं लागतं.

बाबांच्या कॅम्परला उडवून लावू नका. २.५ लिटर, ७५ पीएस, २०० न्यूटन-मीटर, एक टन माल वाहण्याची क्षमता, आणि दुरुस्ती कुठल्याही गावात. त्यांचा मुद्दा भाराचा आहे आणि भारापुरता तो बरोबर आहे. अडचण ओढण्याची आहे. भरलेली ट्रॉली ओढणाऱ्या गाडीपेक्षा हलकी असावी, हा जुना आणि चांगला नियम आहे. सोळाशेची ट्रॉली कॅम्परच्या स्वतःच्या वजनाच्या जवळ जाते, आणि २०० न्यूटन-मीटरवर चढाला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच रखडायला होतं. उज्जैन-देवासपर्यंत, ब्रेकवाल्या ट्रॉलीसह, चाळीस-पन्नासच्या वेगात ती काम करेल. महेश्वरच्या लग्नासाठी नाही.

महेश्वरचं वेगळं सांगण्याचं कारण गणेश घाट. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे आणि मानपूरच्या पुढे रस्ता नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. त्या उतारावर ब्रेक निकामी होऊन झालेले ट्रकचे अपघात तुम्ही वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात वाचले असतीलच. पर्यायी मार्गानं गेलात तरी उतरायचं तेवढंच आहे. ब्रेक सतत घासत ठेवला की अस्तर तापतं, पकड जाते, पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. उतार सुरू व्हायच्या आधी गिअर खाली घ्या. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक थोडा वेळ नीट दाबा, वेग पाडा, पूर्ण सोडा, पुन्हा. ऑटोमॅटिकमध्येही लिव्हर मॅन्युअलला घेऊन गिअर स्वतः धरून ठेवा. आणि ट्रॉली कधी डोलायला लागलीच तर ब्रेक दाबू नका, वेगही वाढवू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, डोलणं स्वतःहून शमेल. हे भावाला नक्की वाचून दाखवा, कारण हात नेमका उलटं करायला जातो.

हुकाबद्दल थोडं. मागचा स्टेप-बंपर पाय ठेवायला असतो आणि चेसिसची पुढची-मागची कडी अडकलेली गाडी काढायला. दोन्हीवर ट्रॉली ओढू नका. हुकाची फ्रेम चेसिसच्या कारखान्यातल्या भोकांना ८.८ किंवा १०.९ ग्रेडच्या बोल्टनं बसवलेली हवी, चेसिसवर वेल्डिंग नको. हुकावर केएनमध्ये (किलोन्यूटनमध्ये) एक आकडा कोरलेला असतो, त्याला डी-व्हॅल्यू म्हणतात. गाडीचं आणि ट्रॉलीचं कमाल वजन टनांत घ्या, त्यांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज, गुणिले ९.८१. २.६ टनाची गाडी आणि १.६ टनाची ट्रॉली म्हणजे ९.७ केएन. हुकावरचा आकडा त्याहून मोठा हवा. गोळा आणि कप एकाच मापाचे घ्या. ५० मिलिमीटरच्या कपात ४७.६चा गोळा वरवर बसलेला दिसतो आणि खड्ड्यात सुटतो. दोन सेफ्टी चेन दांड्याखाली फुलीसारख्या ओलांडून लावा. हूक सुटलाच तर दांडा रस्त्यात रुतत नाही, चेनच्या झोळीत पडतो. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क-पान्यानं पुन्हा तपासा.

दिव्यांसाठी सात पिनांचं सॉकेट लागतं. पिवळी वायर डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, लाल ब्रेक, तपकिरी उजवा टेल, काळी डावा टेल, निळी फॉगची, आणि पांढरी अर्थ. ब्रेक दाबला की ट्रॉलीचा इंडिकेटर मंद पेटतो असं दिसलं, तर बल्ब बदलत बसू नका, पांढरी वायर सैल किंवा गंजलेली आहे. नव्या गाड्यांच्या दिव्यांच्या वायरा सरळ कापून जोड देऊ नका. गाडीचा कंट्रोल युनिट जास्तीचा प्रवाह बघून फॉल्ट दाखवतो आणि वॉरंटीचा वाद सुरू होतो. मधे रिले-मॉड्यूल लावून घ्या.

आणि एक गोष्ट, जी तुमच्यासारख्या व्यवसायातल्या कित्येकांच्या लक्षातच येत नाही. व्ही-क्रॉस आणि हायलक्स पांढऱ्या पाटीवर, खासगी गाडी म्हणून घेतल्या जातात. खासगी गाडीच्या पॅकेज पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात: भाड्यासाठी वापर नाही, आणि नमुने किंवा वैयक्तिक सामान सोडून मालवाहतूक नाही. भाड्यानं दिलेला जनरेटर ओढत असताना अपघात झाला तर विमा कंपनी त्याच ओळीवर बोट ठेवेल. मालवाहू नोंदणीच्या गाडीला ही अडचण नाही. गाडी ठरवायच्या आधी विमा कंपनीला तुमचा वापर जसाच्या तसा लिहून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. ट्रॉलीलाही मोटार वाहन कायदा, १९८८ लागू होतो. तिची स्वतंत्र नोंदणी आणि विमा हवा, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रॉलीवर दिसायला हवा. ब्रेक आणि अ‍ॅक्सल बदलणार असाल तर काम सुरू करण्यापूर्वी नायता मुंडल्याच्या आरटीओत कागद विचारून घ्या, नंतर धावपळ होते. परवान्याचं मात्र सोपं आहे: साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या वाहनांना एलएमव्ही परवाना चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४मध्ये कायम केलं.

हे सगळं वाचून एक प्रश्न स्वतःला विचारा: जनरेटर ओढायलाच हवा का? टाटा योद्धा २.०सारख्या दोन टन क्षमतेच्या गाडीच्या हौद्यात तो कायमचा बसू शकतो. ट्रॉली नाही, हूक नाही, डोलणं नाही. तोटा एवढाच, की जनरेटर चालू असेपर्यंत गाडी मंडपाशी अडकते. तुमची कामं बहुतेक एका रात्रीत एकच असतील तर हा पर्याय सगळ्यात स्वस्त आणि सुरक्षित आहे, आणि घरासाठी वेगळी छोटी कार घेऊनही बजेट उरेल. सीझनमध्ये एका रात्री दोन-दोन ठिकाणं असतील, जनरेटर सोडून गाडीला परत फिरायचं असेल, तरच ट्रॉलीचा मार्ग फायद्याचा. मागच्या वर्षाची बुकिंगची वही उघडा आणि अशा रात्री मोजा. दहा-बाराच असतील तर त्या रात्रींसाठी ट्रॅक्टर आहेच.

ट्रॉलीच ठरली तर माझी पसंती अशी. व्ही-क्रॉसमध्ये ज्या मॉडेलला फोर बाय फोर आणि ईएससी दोन्ही आहेत त्यातलं सगळ्यात खालचं घ्या, आणि उरलेला सगळा पैसा ट्रॉलीत घाला. हायलक्समध्ये स्टँडर्ड मॅन्युअल किंवा हाय ऑटोमॅटिक, मधलं नाही. ऑटोमॅटिक घेऊन ट्रॉलीच्या ब्रेकला पैसे उरत नसतील, तर स्टँडर्ड. कंपन्या मॉडेलची यादी मधूनमधून बदलतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी हेच निकष त्या दिवसाच्या यादीला लावा.

बाबांबद्दल तुम्ही काळजीनं लिहिलंय. इतकी वर्षं ती ट्रॉली त्यांनी नेली आहे. कुठल्या चाकाचा बेअरिंग तापतो, कुठल्या वेगाला दांडा खडखडतो, हे तुम्हा दोघांपेक्षा त्यांना जास्त माहीत आहे. काट्यावर त्यांनाच घेऊन जा. ट्रॉली काट्यावर कशी उभी करायची ते त्यांना सांगू द्या, पावती त्यांच्या हातात पडू द्या. ट्रॉलीच्या नव्या अ‍ॅक्सलचं आणि ब्रेकचं काम त्यांच्या देखरेखीखाली होऊ दे, बनवणाऱ्याकडे तेच जाऊ देत. भावाला टोइंगच्या त्या चार आकड्यांचं काम द्या, प्रत्येक व्हेरियंटचा वेगळा ई-मेल. पावत्या आणि ई-मेल समोर ठेवून तिघं बसा. गाडी आल्यावर पहिल्या दिवशी ट्रॉली जोडण्याआधी आणि जोडल्यावर चारही मडगार्डची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजून भिंतीवर खडूनं लिहा. मागची बाजू खूप बसली किंवा पुढची उचलली गेली तर त्या दिवशी रस्त्यावर निघू नका, आधी जनरेटर ट्रॉलीवर सरकवून दांड्याचा भार पुन्हा काट्यावर बघा.